त्याच्या वाटचे ‘नाही’

वसतिगृहात माझ्या शेजारच्या खाटेवर माझी एक मैत्रीण राहते. ती जन्मापासून अंध आहे. ब्रेल ती माझ्या वाचण्याच्या वेगाने वाचते, मोबाईलवरही पुष्कळ ऐकते. पण काही जुनी पुस्तके ब्रेलमध्ये मिळत नाहीत आणि त्यांची पिवळी पडलेली पाने मोबाईललाही नीट उमगत नाहीत. अशी पुस्तके मी तिला रात्री जेवणानंतर वाचून दाखवते. गेल्या मार्चमध्ये आम्ही ग्रंथालयातले एक इंग्रजी पुस्तक घेतले होते. त्यात अंधांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांवर एक प्रकरण होते. मी एकेक वाक्य वाचावे आणि अडखळत का होईना, मराठीत अर्थ सांगावा, असे आमचे चालले होते.

मला वाटले होते, ती हरखून जाईल. मी स्वतः हरखून गेले होते. प्रकरण संपले तेव्हा ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “सगळं छान आहे गं. पण आपल्याकडे मे महिन्यात तो कुत्रा पाय कुठं ठेवील?”

मला उत्तर देता आले नाही. पुस्तकातही ते नव्हते. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची एक धडपड आहे.

प्रथम हा कुत्रा म्हणजे काय ते सांगायला हवे, कारण आपल्यापैकी बहुतेकांनी तो पाहिलेला नसेल. आपल्या देशात असे कुत्रे विरळाच. पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी जर्मनीतल्या ओल्डेनबुर्ग या गावी १९१६ साली अशा कुत्र्यांची पहिली शाळा निघाली. १९२८ साली मॉरिस फ्रँक नावाचा एक अंध अमेरिकन तरुण स्वित्झर्लंडला गेला आणि ‘बडी’ नावाची शिकवलेली कुत्री घेऊन मायदेशी परतला. दुसऱ्याच वर्षी अमेरिकेत ‘द सीइंग आय’ ही संस्था सुरू झाली. इंग्लंडमध्ये वॉलसी येथे १९३१ साली पहिल्या चार जोड्या तयार झाल्या. जोडी म्हणजे एक माणूस आणि एक कुत्रा. पुढे ऐकू न येणाऱ्या माणसाला दाराची घंटा वाजल्याचे सांगणारे, चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला खाली पडलेली वस्तू उचलून देणारे, असे इतर मदतनीस कुत्रेही तयार होऊ लागले.

वाटाड्या कुत्र्याच्या अंगावर एक पट्ट्यांचा साज असतो आणि त्याला एक ताठ मूठ असते. ती मूठ माणसाच्या हातात. कुत्रा वळला की मूठ वळते, थांबला की मूठ थांबते. बैलाच्या मानेवर जू येते तेव्हा त्याला कामाची वेळ झाल्याचे कळते. तसेच हा साज चढला की कुत्र्याला कळते, आता खेळ नाही.

या कुत्र्याला शिकवली जाणारी सर्वांत अवघड गोष्ट आज्ञा पाळण्याची नसून आज्ञा मोडण्याची असते, हे वाचून मी थक्क झाले. मालक म्हणाला, ‘पुढे चल’, आणि समोरून मोटार येत असेल किंवा पुढे खड्डा असेल, तर कुत्र्याने हलायचे नाही. मालकाने पुन्हा सांगितले तरी हलायचे नाही. तिकडच्या शिक्षकांच्या या तंत्राला मराठीत ‘शहाणी अवज्ञा’ म्हणता येईल. एका मुक्या प्राण्याला ‘नाही’ म्हणायला शिकवायचे आणि त्या ‘नाही’वर आपला जीव सोपवायचा, याहून मोठा विश्वास कोणता?

पण माझ्या मैत्रिणीच्या प्रश्नाने माझे लक्ष दुसऱ्या बाजूकडे गेले. हे ‘नाही’ मालकाच्या जिवासाठी असते. मोटार, खड्डा, डोक्याला लागणारी फांदी यांसाठी ते असते. स्वतःचे तळवे भाजताहेत, स्वतःचा श्वास पुरत नाही, यासाठी ‘नाही’ म्हणायला त्याला कोणी शिकवलेले नसते. उलट ज्या स्वभावासाठी त्याची निवड होते, तो माणसाला खूष ठेवण्याचा स्वभावच त्याला पुढे चालवत राहतो. तो चालतो, कारण मूठ हातात आहे. तो चालतो, कारण आपण चालतो.

आता त्याच्या शरीराकडे पाहू. आपल्याला ऊन लागले की सर्वांगाला घाम सुटतो आणि तो वाळताना अंग निवते. कुत्र्याला ही सोय जवळजवळ नाही. त्याला घाम येतो तो मुख्यतः तळव्यांना, आणि तेवढ्याने काही होत नाही. त्याचा खरा उपाय म्हणजे धापा टाकणे. जीभ आणि घसा यांवरून वारा फिरवून तिथला ओलावा वाळवायचा आणि आतली उष्णता बाहेर टाकायची. हवा दमट असली की हा उपायही लंगडा पडतो. कुत्र्याच्या अंगाचे तापमान मुळातच आपल्यापेक्षा जास्त, साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. ते ४१ च्या पुढे गेले की जिवावर बेतते. शिवाय या कामावर बहुधा लॅब्राडोर आणि गोल्डन रिट्रीव्हर या जातींचे किंवा त्यांच्या संकराचे कुत्रे असतात. त्यांची दाट लव थंड मुलखातली आहे.

आणि जमीन? आपण पाच-साडेपाच फूट उंचीवरून बोलतो. कुत्र्याचे पोट डांबरापासून वीतभर-दोन वीत वर असते. हवेचे तापमान नुसते २५ अंश असले तरी कडक उन्हातले डांबर ५० च्या पुढे जाऊ शकते. मग आपल्या विदर्भात काय होत असेल? अकोला, अमरावती, नागपूर, चंद्रपूर या गावांत मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला, तर त्यात बातमी म्हणण्यासारखेही काही उरलेले नाही. इंग्लंडमध्ये १९ जुलै २०२२ रोजी कॉनिंग्सबी येथे ४०.३ अंश तापमान नोंदले गेले आणि तो त्या देशाचा उच्चांक ठरला. त्यांचा जो विक्रम, तो आपला एप्रिलमधला एखादा साधा सोमवार! माझी मैत्रीण सांगते की मे महिन्यात तिच्या पांढऱ्या काठीच्या टोकाला डांबर चिकटते. काठीला तळवा नसतो म्हणून ती बोलत नाही, एवढेच.

इथे मला घरचे सांगावे लागेल. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. बाबांची कोरडवाहू शेती आहे. मी सातवीत होते तेव्हा आमच्याकडे एकच बैल होता, सर्जा. जोडीचा दुसरा बैल शेजाऱ्याचा, दोन दिवसांच्या बोलीवर आणलेला. मृग तोंडावर आला होता आणि वखरणी अर्धी राहिली होती. एरवी बाबा पहाटे चांदणे असताना वखर धरीत आणि ऊन चढायच्या आत सोडीत. आमच्या आबाजींचा तसा दंडकच होता. पण त्या दिवशी दोन दिवसांची बोली संपत होती. बारा वाजले, एक वाजला, तरी वखर चालूच. मी भाकर घेऊन शेतात गेले तेव्हा सर्जा तासातच बसला होता. तोंडाला फेस होता आणि मान जमिनीला टेकली होती. बाबांनी जू काढले. माझ्या हातातले पिण्याचे पाणी त्याच्या अंगावर ओतले आणि धोतराच्या सोग्याने त्याला वारा घातला. जनावरांचे डॉक्टर तालुक्याहून संध्याकाळी आले. रात्री सर्जा गेला.

बाबा दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, “त्यानं एकडावही मान नाही हालवली, पोरी. मी म्हनलं, चालते त चालू दे. जनावर ‘नाही’ म्हनत नाही. त्याच्या वाटचं ‘नाही’ आपनच म्हनाचं असते.” त्या वर्षी पोळ्याला आमच्या दारात बैल नव्हता.

पुढे कॉलेजात आल्यावर राज्यशास्त्राच्या सरांकडून कळले की बाबांचे हे वाक्य सरकारनेही कागदावर लिहून ठेवले आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली १९६५ साली ओढकाम करणाऱ्या आणि ओझी वाहणाऱ्या जनावरांसाठी नियम झाले. दिवसाला ९ तासांपेक्षा अधिक काम नाही, विश्रांतीशिवाय सलग ५ तासांपेक्षा अधिक नाही, आणि जिथे तापमान ३७ अंशांच्या वर जाते तिथे दुपारी १२ ते ३ या वेळेत कामच नाही. म्हणजे ‘त्याच्या वाटचे नाही’ कायद्याने म्हटले आहे. हा नियम त्या दिवशी आमच्या शेतापर्यंत पोचला असता, तर बाबांनी बोलीचा दिवस वाढवून मागितला असता का, हा विचार मला अजून सतावतो. त्या नियमांत बैल, रेडे, घोडे, खेचरे, गाढवे आणि उंट यांच्या ओझ्यांचा हिशेब आहे. कुत्रा त्या यादीत नाही. असणार तरी कसा? तो गाडी ओढत नाही, ओझे वाहत नाही. तो एक माणूस सांभाळून नेतो आणि त्या ओझ्याला किलोचे माप नाही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. मदतनीस कुत्र्याला उन्हापासून जपणे ही दयेची गोष्ट नाही. तो त्या कामाचाच भाग आहे. जो प्राणी आपल्यासाठी ‘नाही’ म्हणायला शिकला, त्याच्यासाठी ‘नाही’ म्हणायला आपण शिकलेच पाहिजे.

ते कसे शिकायचे? यात अवघड शास्त्र काही नाही. बराचसा भाग आमच्या आबाजींनाही सांगता आला असता.

पहिली गोष्ट वेळेची. उन्हाळ्यात चालणे भल्या पहाटे किंवा दिवस मावळून जमीन निवल्यावर. सूर्य गेला म्हणजे डांबर निवले असे नव्हे, हे लक्षात ठेवावे. निघण्यापूर्वी हाताची मागची बाजू रस्त्यावर ठेवावी आणि सात आकडे मोजावेत. हात ठेववत नसेल तर कुत्र्याचा तळवाही तिथे ठेवू नये. ही परीक्षा डोळ्यांशिवायही करता येते, हे तिचे मोठेपण आहे.

दुसरी गोष्ट तळव्यांची. कुत्र्यांसाठी पायमोजांसारखे बूट मिळतात. बैलाला आपण पत्री ठोकतो, त्यात कोणाला हसू येत नाही. मग कुत्र्याच्या बुटाला का यावे? मात्र ते उन्हाळ्यापूर्वीच घरात थोडे थोडे घालून सवय करावी लागते. ऐन उन्हात पहिल्यांदा घातले तर कुत्रा चालताना अडखळतो. बूट म्हणजे भर दुपारी चालण्याचा परवाना नव्हे, कारण तळवे वाचले तरी अंग तापायचे ते तापतेच.

तिसरी गोष्ट पाण्याची आणि विसाव्याची. पाण्याची बाटली आणि घडीची वाटी माणसाच्या पिशवीत हवीच. सावलीत थांबल्यावर साज काढावा म्हणजे कुत्र्याला सुटी झाल्याचे कळते आणि अंगाला वाराही लागतो. उभ्या मोटारीत तर त्याला क्षणभरही कोंडू नये, खिडकी थोडी उघडी असली तरीही नाही. बंद मोटार थोड्याच वेळात भट्टी होते.

चौथी गोष्ट ओळखण्याची. ज्याला दिसत नाही त्याने लोंबती जीभ किंवा लाल झालेल्या हिरड्या कशा पाहाव्यात? हा प्रश्न मी मैत्रिणीला विचारला तेव्हा ती हसली. म्हणाली, “अगं, मूठ माझ्या हातात असेल ना! चाल मंदावली, मूठ हेलकावली तर मला कळणारच. आणि धाप तर ऐकूच येते.” तिचे खरे आहे. श्वास घरघरता झाला, लाळ चिकट आणि दाट लागली, पाऊल अडखळले, की तिथेच थांबायचे. बाकीचे काम वाटेवरच्या डोळस माणसाचे. आपण जवळून जात असलो तर, कुत्र्याला हात न लावता, माणसाला एवढे सांगावे की तुमचा कुत्रा थकलेला दिसतो, उजवीकडे सावली आहे.

आणि प्रसंग आलाच तर? सावलीत न्यावे आणि साधे गार पाणी सर्वांगावर भरपूर ओतून वारा घालावा. ओले फडके अंगावर पांघरून ठेवू नये, त्याखाली उष्णता कोंडते. शुद्धीवर असेल तर घोट घोट पाणी द्यावे, जबरदस्तीने तोंडात ओतू नये. गार पाण्याने धक्का बसतो, असे पूर्वी सांगत. आजचे पशुवैद्य सांगतात, आधी अंग निववा, मग दवाखान्यात न्या. डॉक्टरकडे मात्र न्यायचेच, कुत्रा उठून बसला तरीही. त्या दिवशी शेतात पाण्याची एक कळशी आणखी असती तर, हे माझ्या मनातून जात नाही.

हे सारे मी वर्गात बोलून दाखवले तेव्हा एक मित्र म्हणाला, “इथं माणसांना सावली नाही, आणि तू कुत्र्याचे बूट घेऊन बसलीस!” त्याचा राग खोटा नव्हता. गेल्या उन्हाळ्यात माझी मैत्रीण एका कार्यालयात सवलतीच्या पासासाठी गेली होती. रांग बाहेर उन्हात होती. ती तासभर उभी राहिली आणि आत पंख्याखाली बाके रिकामी होती, हे तिला मागाहून कोणीतरी सांगितले. जिथे माणसाची ही गत, तिथे कुत्र्याचे काय?

पण मला वाटते, उत्तर याच प्रसंगात आहे. तिच्याबरोबर उद्या वाटाड्या कुत्रा असेल आणि दारावरचा शिपाई म्हणेल, “बाई, कुत्रा बाहेर बांधा.” बाहेर म्हणजे कुठे? तापलेल्या फरशीवर. ब्रिटनमध्ये २०१० च्या समता कायद्याने आणि अमेरिकेत १९९० च्या अपंगांविषयीच्या कायद्याने मदतनीस कुत्र्याला दुकानात, कचेरीत माणसाबरोबर आत जाण्याचा हक्क मिळाला आहे. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले, ही मोठी गोष्ट झाली. पण कायद्याला दार उघडून धरावे लागते ते दारावरच्या माणसाने. दार बंद असले की वाटी आणि बूट यांचा काही उपयोग नाही. सावलीची वाटणी माणसांत आणि कुत्र्यांत करायची नसते. रांगेवर छप्पर घातले तर त्याखाली माझी मैत्रीण उभी राहील, तिचा कुत्रा उभा राहील आणि तो रागावलेला मित्रही उभा राहील.

म्हणून या अंकाच्या निमित्ताने आपल्या प्राध्यापकांपुढे आणि विद्यार्थी मित्रांपुढे मी तीन साध्या गोष्टी ठेवते. फाटकापासून ग्रंथालयापर्यंतच्या वाटेच्या दोन्ही कडांना या पावसाळ्यात निंबाची झाडे लावू या आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलामुलींनी ती दोन उन्हाळे जगवू या. ग्रंथालयाच्या पायरीशी पाण्याचा रांजण असतो, त्याच्याजवळ जनावरांसाठी एक उथळ टाके बांधू या. आणि उन्हाळी परीक्षांची दुपारची सत्रे सकाळी घ्यावीत, अशी विनंती आपल्या कॉलेजने विद्यापीठाला करावी. आज आपल्या कॉलेजात एकही वाटाड्या कुत्रा नाही, हे मला ठाऊक आहे. पण पाहुणा यायचा म्हटला की आपण आधी अंगण सारवतो. तो दारात आल्यावर नव्हे.

परवा मी मैत्रिणीला हा लेख वाचून दाखवला. तिने दोन ठिकाणी माझे मराठी सुधारले. मग मी तिला विचारले, “मग तुला कुत्रा हवा की नको?”

ती म्हणाली, “हवा. पण मे महिन्यात मी काठी घेईन. तो घरी माठाजवळ झोपेल.”

हे ऐकून मला बाबांची आठवण झाली.

— बी. ए. भाग दोन